घरमालक, भाडेकरू आणि बारा रुपये

देणेकरी पैसे हातात घेऊन मागे लागला आहे आणि घेणेकरी तोंड चुकवून पळतो आहे, असा देखावा जगाच्या व्यवहारात सहसा दिसावयाचा नाही. मुंबईच्या चाळींतून आणि पुण्याच्या वाड्यांतून मात्र तो अर्धशतकभर नित्याचा होऊन गेला होता. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडेकरूने भाडे घेऊन मालकांच्या दारात उभे राहावे. मालकांनी म्हणावे, "आज नको, उद्या या." उद्या जावे तर मालक आंघोळीला बसलेले, परवा पूजेला बसलेले. मग भाडेकरू पोस्टात जाई आणि तेवढ्याच रकमेची मनीऑर्डर करी. पोस्टमन ती घेऊन त्याच वाड्यात येई, मालकांच्या ओटीवर जाई. मालक ती नाकारीत. पोस्टमन 'नाकारली' असा शेरा मारी आणि पैसे एक जिना चढून भाडेकरूला परत आणून देई. यावर भाडेकरू रागावत असेल असे तुम्हांला वाटेल. छे! तो शेरा मारलेला कागद तो नीट घडी घालून ट्रंकेत ठेवी, आणि त्या महिन्यापुरता निश्चिंत होई.

श्रोतेहो, हे वेडाचे चाळे नव्हते. दोघेही मोठ्या शहाणपणाने वागत होते. असले शहाणपण माणसांना का सुचावे, हे समजून घ्यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

मुंबई हे खोल्यांचे शहर. १९०१ च्या खानेसुमारीत असे नमूद आहे की शहरातील शेकडा ८० माणसे एकेका खोलीत राहात होती आणि दर खोलीत सरासरी चार ते पाच माणसे होती. गिरण्या वाढत होत्या, घाटावरून आणि कोकणातून माणसे येत होती, आणि खोल्या अपुऱ्या पडत होत्या. पहिल्या महायुद्धात बांधकामाचे सामान महागले, नवी घरे बांधणे थंडावले आणि भाडी चढू लागली. तेव्हा १९१८ साली सरकारने युद्धकाळापुरता म्हणून भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. तो पुढे संपला. पण दुसरे महायुद्ध आले आणि १९३९ व १९४४ साली पुन्हा तसेच कायदे झाले. त्यानंतर फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले, आणि १९४७ चा मोठा कायदा झाला. त्याचे नावही त्याच्या आयुष्यासारखेच लांबलचक: मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला. हाही मुदतीचाच कायदा होता. मुदत संपत आली की ती वाढवावयाची, असे करीत करीत तो बावन्न वर्षे जगला.

या कायद्याने एक तारीख धरली, १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीचे जे भाडे होते ते 'प्रमाण भाडे'. त्याहून अधिक घेणे बेकायदा. करवाढीपुरती वगैरे थोडी भर घालण्याची मुभा होती, पण मूळ आकडा त्या तारखेला जणू खिळ्याने ठोकून ठेवला होता. समजा, एका खोलीचे भाडे त्या दिवशी बारा रुपये होते. मग भारत स्वतंत्र झाला, संयुक्त महाराष्ट्र झाला, माणूस चंद्रावर जाऊन आला, सोने कोठल्या कोठे गेले; खोलीचे भाडे बारा रुपये! वीस खोल्यांच्या चाळीचे मालकांच्या हाती यावयाचे दोनशे चाळीस. त्या रकमेत १९९० च्या सुमारास गवंडी आणि त्याचा बिगारी किती दिवस राबले असते, हे मी सांगावयास नको.

बरे, भाडे वाढत नाही तर भाडेकरू तरी बदलावा. तेही सोपे नव्हते. भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आहे, तोवर त्याला उठविता येत नसे. कायद्याने मोजकी कारणे सांगितली होती, आणि त्यांतले एक म्हणजे सहा महिन्यांची थकबाकी. आता त्या मनीऑर्डरीचा उलगडा होईल. मालकांना भाडे नको होते, त्यांना थकबाकी हवी होती! आणि भाडेकरूला पैसे वाचवावयाचे नव्हते, आपण देण्यास तयार होतो याचा पुरावा त्याला हवा होता. पैसे हातात पडले तर मालकांचे नुकसान, पैसे परत आले तर भाडेकरूचा फायदा. पोस्टमनचे जिने मात्र दोन्हीकडून फुकट.

मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक कूपन असे. त्यावर मजकूर लिहिण्यास जागा असे. "माहे जानेवारीचे भाडे पाठविले आहे, पोच द्यावी" एवढेच लिहावयाचे. पण काही भाडेकरू त्यातच नळाची तक्रार, जिन्यातल्या दिव्याची तक्रार, मालकांच्या मुलाच्या पतंगाने फुटलेल्या कौलाची तक्रार असे सारे बारीक अक्षरात कोंबीत. एका घरातून दुसऱ्या घरात बोलावयाच्या गोष्टी सरकारी टपालाने जात होत्या.

पावतीचेही असेच. भाडे घेऊन पावती न देणे हा या कायद्याने गुन्हाच होता. तरी मालक ती देताना जणू दातच उपटून देत. आणि गंमत अशी की पावतीवर नाव असे ते पुष्कळदा आजोबांचे, जे जाऊन पंचवीस वर्षे झालेली. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळत असे. पण पावतीवर नवे नाव घालणे म्हणजे तो हक्क मालकांनी आपल्या हाताने कबूल करणे. ते मालकांना नको. आणि जुन्या नावाची का होईना, पावती मिळते आहे तर वाद कशाला, असे भाडेकरूला वाटे. तेव्हा स्वर्गवासी आजोबा दरमहा नियमाने भाडे भरीत राहिले.

माझ्या मते या साऱ्या भांडणातला सर्वांत बहारीचा भाग म्हणजे 'कायम स्वरूपाचे बांधकाम'. मालकांच्या लेखी परवानगीवाचून भाडेकरूने असे बांधकाम केले तर त्याला जागा सोडावी लागे. पण कायम म्हणजे काय? चुलीसाठी बांधलेला ओटा कायम की तात्पुरता? पोटमाळा कायम की तात्पुरता? दोन फरश्या बसवून केलेली मोरी? फळी भिंतीत खिळ्याने ठोकली तर तात्पुरती, आणि सिमेंटने बसवली तर कायम? यावर न्यायालयांत इतका खल झाला आहे की परब्रह्माच्या स्वरूपावरही तेवढा झाला नसेल. मोठमोठे वकील मोरीच्या उंचीवर आणि ओट्याच्या पायावर तासन्‌तास बोलले. हा मी विनोद करीत नाही. पुढे १९९९ साली नवा कायदा झाला तेव्हा विधिमंडळाला त्यात एक स्पष्टीकरण मुद्दाम घालावे लागले. लाकडी आडभिंत, स्वयंपाकघरातला उभ्याचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी पाडलेली खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धूर बाहेर जाण्याचे धुराडे, ही कामे नगरपालिकेची जरूर ती परवानगी घेऊन केली तर ती कायम बांधकामात मोडणार नाहीत, असे ते सांगते. इतिहासाच्या अभ्यासकाने कायदा असा उलटा वाचावा. ही यादी म्हणजे पन्नास वर्षांच्या भांडणांची यादीच आहे. बायकांनी जमिनीवर बसून स्वयंपाक करणे सोडले आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, हा मराठी घरातला केवढा मोठा बदल! त्याची नोंद समाजशास्त्राच्या पुस्तकात सापडो न सापडो, भाड्याच्या खटल्यांत ती सापडते.

आमच्या लहानपणी पुण्यातल्या आमच्या वाड्यात असाच एक ओट्याचा खटला चालू होता. मालकांना सारा वाडा अण्णा म्हणे. ते तळमजल्यावर दोन खोल्यांत राहात. वरच्या मजल्यावर एक शाळामास्तर होते. त्यांनी स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा घातला आणि अण्णांनी दावा लावला. तारखेच्या दिवशी सकाळी अण्णा अंगणातून हाक मारीत, "मास्तर, आज तारीख आहे. लक्षात आहे ना?" वरून उत्तर येई, "आहे हो अण्णा. रिक्षा मी आणतो, पैसे निम्मेनिम्मे." दोघे एका रिक्षातून कोर्टात जात. तेथे एकमेकांविरुद्ध उभे राहात, पुढची तारीख घेत आणि बहुधा चालत परत येत. संक्रांतीला मास्तरांच्या घरचे तिळगूळ अण्णांकडे जाई, आणि ते तिळगूळ ज्या ओट्यावर झालेले असे तो पाडून मिळावा असा अण्णांचा अर्ज कोर्टात पडून असे. निकाल लागण्याआधीच अण्णा गेले. खांदा द्यावयास मास्तर पुढे होते. तेरावा झाल्यावर अण्णांच्या मुलाने वारस म्हणून दाव्यात आपले नाव लावून घेतले.

हे सांगण्याचे कारण असे की घरमालक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गब्बर सावकार उभा राहतो. तसेही होते, नाही असे नाही. पण पुण्यातला वाड्याचा मालक पुष्कळदा भाडेकरूहून दरिद्री असे. भाडेकरू सरकारी नोकर, त्याचा महागाईभत्ता दरसाल वाढणारा. मालकांचे उत्पन्न १९४० च्या तारखेला थिजलेले. मालकांच्या धोतराला ठिगळ आणि भाडेकरूच्या दारात स्कूटर, हे मी पाहिले आहे. वाडा आपला, पण त्यातल्या दोन खोल्याच आपल्या वापरात, आणि मुलगा लग्नाचा झालेला.

मग मालक कोर्टात जात ते 'स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी' म्हणून. हेही एक मान्य कारण होते. पण तेथेही कायद्याने तराजू ठेवला होता. जागा न मिळाल्याने मालकांचे हाल अधिक की जागा गेल्याने भाडेकरूचे अधिक, हे न्यायाधीशाने तोलून पाहावयाचे. मालक म्हणत, माझा मुलगा लग्नाचा आहे. भाडेकरू म्हणे, माझे दोन आहेत. मालक म्हणत, मला दमा आहे, जिना चढवत नाही. भाडेकरू आपल्या आईला कोर्टात घेऊन येई. आपले दुःख मोठे हे शपथेवर सिद्ध करण्याची अशी चढाओढ दुसरीकडे क्वचितच लागली असेल. आणि निकाल लागेपर्यंत ज्याच्या लग्नासाठी जागा मागितली त्याची मुले शाळेत जात असत.

कुलपाचीही कथा आहे. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा वापरली नाही, तर ती परत मागता येई. म्हणून मालकांचा डोळा कुलपावर असे. भाडेकरूचे बिऱ्हाड मे महिन्यात कोकणात गेले की मालक दिवस मोजू लागत. भाडेकरूही मोजत असे. मध्येच एखादा पुतण्या येऊन दोन रात्री दिवे जाळून जाई, म्हणजे विजेच्या बिलात आकडा पडावा. शिधापत्रिका, विजेचे बिल, दूधवाल्याची वही, हे साधे कागद कोर्टात पुरावे म्हणून जाऊ लागले. पुतण्या जास्त दिवस राहिला तर मालक म्हणणार, हा पोटभाडेकरू! कारण पोटभाडेकरू ठेवणे हेही जागा घालविण्याचे एक कारण. तेव्हा पुतण्याने दिवे तर जाळावे, पण राहू नये.

या घरगुती युद्धात सरकार अधूनमधून नवा दारूगोळा पुरवी. १९५९ साली त्या वेळी जागेत असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण मिळाले. १९७३ साली तर आणखी मौज झाली. भाडेकरू नको म्हणून लोक 'परवानगीने राहणारे' ठेवू लागले होते, म्हणजे करार भाड्याचा नव्हे, केवळ राहू देण्याचा. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारावर जागेत असलेली माणसे कायद्याने भाडेकरू ठरली. पाहुणा म्हणून निजला आणि भाडेकरू म्हणून उठला! त्या दिवसापासून मराठी घरमालकाच्या मनात जी धास्ती बसली ती पुरती गेली नाही. मुंबईत कित्येक जागा रिकाम्या राहिल्या पण भाड्याने निघाल्या नाहीत, त्याचे एक मूळ या धास्तीत आहे.

एवढे सगळे चालू असताना ज्या इमारतीसाठी हे भांडण, तिच्याकडे कोण पाहात होते? दुरुस्ती मालकांनी करावी असे कायदा म्हणे. मालक म्हणत, बारा रुपयांत? भाडेकरू म्हणे, घर तुमचे आहे, मी का करू? तुळयांना वाळवी लागली, गॅलऱ्या झुकल्या, जिन्याखाली टेकू लागले. पावसाळ्यात घरे पडून माणसे मरू लागली. तेव्हा १९६९ साली मुंबईसाठी इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्या पैशांतून मंडळाने दुरुस्ती करावी असे ठरले. अशा उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक १९४० च्या आधीच्या. मंडळाने पुष्कळ काम केले, परंतु टेकू सगळे काही निघाले नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. येथे विनोद थांबतो.

१९४७ चा कायदा झाला तेव्हा तो योग्यच होता, असे मला वाटते. त्याच्यावाचून लाखो माणसे रस्त्यावर आली असती. चूक झाली ती पुढे. आकड्याला हात लावण्याचे धैर्य कोणत्याच सरकारला झाले नाही. भाडेकरू मते देणारे पुष्कळ, मालक थोडे. कायदा खिळून राहिला तसा व्यवहार कायद्याखालून वाहू लागला. पागडी घेणे गुन्हा होता आणि सारे शहर पागडीवर चालत होते. जाणाऱ्या भाडेकरूने येणाऱ्याकडून रक्कम घ्यावयाची, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकांना द्यावयाचा, आणि तेव्हाच काय ती मालकांच्या चेहऱ्यावर हसू दिसावयाचे.

अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९४० चे भाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. तो कायदा मात्र न्यायालयाने लगेच रद्द केला नाही, कारण त्याची मुदत संपतच आली होती. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. पागडी त्याने उजळ माथ्याची केली. मोठ्या कंपन्या आणि बँका यांचे संरक्षण काढून घेतले. आणि आपल्या बारा रुपयांचे काय झाले? १ ऑक्टोबर १९८७ चे भाडे धरावयाचे, त्यात शेकडा ५ मिळवावयाचे आणि पुढे दरसाल शेकडा ४ वाढ. म्हणजे बारा रुपये साठ पैसे! वाढ चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांनंतर चौतीस रुपयांच्या आतच.

मालकांना याहून मोठा घोर दुसऱ्याच एका तरतुदीचा होता. १९८६ साली कायद्यात अशी दुरुस्ती झाली की उपकरप्राप्त इमारतीतल्या शेकडा ७० रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने ती इमारत संपादन करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यावी. मालकांना मोबदला किती? मासिक भाड्याच्या शंभरपट. वीस खोल्या, दोनशे चाळीस रुपये, म्हणजे चोवीस हजार, मुंबईतल्या जमिनीसकट! मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयात हरल्या, १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि तो वाद चढत चढत नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे पोहोचला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती म्हणता येणार नाही. चाळीतल्या नळावरून निघालेले भांडण राज्यघटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदापर्यंत गेले ते असे.

आणि घरच पडले तर? पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, पुण्यात नदीकाठच्या पेठांतले वाडे धडाधड कोसळले. भिंत गेली, छप्पर गेले. मग भाडेकरू कशाचा? हा प्रश्न पुढे अनेकदा निघाला. सांगली-मिरजेकडच्या एका प्रकरणात, महापालिकेने धोकादायक म्हणून पाडलेल्या इमारतीबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले की इमारत नाहीशी झाली तरी भाडेकरूचा हक्क तेवढ्याने नाहीसा होत नाही, कारण भाडेपट्ट्यात जमीनही आलीच.

आता तोच हक्क पुनर्विकासाच्या टेबलावर मोजला जातो. नव्या नियमांप्रमाणे मुंबईतल्या जुन्या चाळीतल्या रहिवाशाला नव्या इमारतीत किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे असते. त्यासाठी तो रहिवासी खरा भाडेकरू आहे हे दाखवावे लागते. मग ट्रंका उघडतात. आजोबांच्या नावाच्या पावत्या निघतात, विजेची बिले निघतात, आणि तळाशी रबरबँड लावून ठेवलेला मनीऑर्डरींचा गठ्ठा निघतो, प्रत्येकीवर पोस्टमनच्या हातचा 'नाकारली' असा शेरा असलेला. तीन पिढ्या एका घराने देऊ केलेले आणि दुसऱ्या घराने न घेतलेले बारा बारा रुपये. समोर मालकांचा नातू बसलेला असतो. तोही ते कागद उलटून पाहतो, आणि त्यातल्या कूपनांवर आपल्या आजोबांविषयी काय काय लिहिले आहे ते वाचू लागतो.